निर्दोष सुटलेल्यांची नोंद सरकारनेच पुसावी

आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांत राहणाऱ्या, मुनिरका आणि बेर सरायमध्ये खोली घेऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या, आणि दिल्लीत जिथे जिथे मराठी घर आहे तिथल्या सर्व बंधुभगिनींना हे कळकळीचे आवाहन आहे.

केंद्र सरकारच्या नोकरीसाठी निवड झाली की उमेदवाराच्या हातात अटेस्टेशन फॉर्म पडतो. आपल्या वसाहतीत हा फॉर्म कुणीच भरलेला नाही असे घर सापडणे कठीण. त्यातले प्रश्न आठवून पाहा. तुम्हाला कधी अटक झाली आहे का? तुमच्यावर कधी खटला भरला गेला आहे का? कधी स्थानबद्ध केले होते का? चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घेतला होता का? न्यायालयाने दोषी ठरवले का, हा प्रश्नही त्यात आहे, पण तो या सगळ्यांनंतर येतो. ज्याला न्यायालयाने निर्दोष सोडले, ज्याच्याविरुद्ध आरोपपत्र दाखल करण्याइतकाही पुरावा पोलिसांना मिळाला नाही, त्यालाही पहिल्याच प्रश्नापुढे ‘होय’ लिहावे लागते. ‘होय’ लिहिले की फाइल पडताळणीत अडकते. ‘नाही’ लिहिले आणि पुढे उघडकीस आले, तर माहिती लपवली म्हणून नेमणूक रद्द होऊ शकते, मग मूळ प्रकरण कितीही किरकोळ असो.

बावीस वर्षांच्या मुलाने या दोन शब्दांपैकी कोणता लिहायचा, हे त्याला घरात कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

हा प्रश्न मोजक्या लोकांचा आहे असे मानू नका. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांतले ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानेच, म्हणजे एनसीआरबीनेच, हे आकडे छापले आहेत. शंभरातल्या पंचाहत्तर कैद्यांचा निकाल लागलेला नव्हता. त्यांतले कितीतरी जण पुढे सुटतील. अटक होऊन लगेच जामिनावर बाहेर आलेले, किंवा दोन दिवस कोठडीत राहून पुढे ज्यांचे प्रकरण मिटले ते, या आकड्यांत धरलेलेच नाहीत.

एनसीआरबी आपल्याला परकी नाही. ११ मार्च १९८६ रोजी स्थापन झालेल्या या विभागाचे कार्यालय कित्येक वर्षे आपल्याच आर. के. पुरमच्या ईस्ट ब्लॉक ७ मध्ये होते. आता ते महिपालपूरला राष्ट्रीय महामार्गालगत आहे. पूर्वी तिथे बोटांच्या ठशांच्या कागदी पत्रिका जमा होत. आज ‘नॅफिस’ नावाची ठशांची देशव्यापी संगणकीय यंत्रणा चालते. गुन्ह्यात अटक झालेल्या माणसाला ही यंत्रणा दहा अंकी क्रमांक देते. पहिले दोन अंक राज्याचे असतात, आणि तो क्रमांक त्या माणसाला जन्मभरासाठी चिकटतो.

या साठ्यामागे ‘फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम, २०२२’ हा कायदा आहे. संसदेने तो एप्रिल २०२२ मध्ये मंजूर केला आणि ४ ऑगस्टपासून तो अमलात आला. बोटांचे व तळव्यांचे ठसे, पायांचे ठसे, छायाचित्र, डोळ्यांतील बुबुळ व दृष्टिपटलाचे स्कॅन, जैविक नमुने, सही, हस्ताक्षर या सर्वांना तो ‘मापे’ म्हणतो आणि ही मापे ७५ वर्षे जपून ठेवायला सांगतो. विसाव्या वर्षी अटक झालेल्या मुलाची नोंद तो पंचाण्णव वर्षांचा होईपर्यंत टिकेल. (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ कलमाचा भंग केला किंवा १५१ खाली उचलले, एवढ्यावरून मापे घ्यायची नाहीत असे नियम सांगतात. जंतरमंतरवर धरपकड झालेल्या विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावे.)

कायद्याने सुटलेल्यांचा विचारच केला नाही, असे मी म्हणणार नाही. चौथ्या कलमाला एक परंतुक आहे. ज्याला याआधी कैदेची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात दोषी ठरवलेले नाही, अशा माणसाला खटल्याविना सोडले, दोषमुक्त केले किंवा निर्दोष ठरवले, तर सर्व कायदेशीर मार्ग संपल्यानंतर त्याच्या मापांची नोंद नष्ट करावी, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. न्यायालयाने लेखी कारणे देऊन वेगळा आदेश दिला तरच ती ठेवता येते. १९२० च्या जुन्या कायद्यातही निर्दोष सुटलेल्याची छायाचित्रे आणि मापे नष्ट करावीत किंवा त्याच्या हवाली करावीत असे कलम होते. इंग्रजांच्या राज्यातही एवढे मान्य होते.

गाडी अडते ती सप्टेंबर २०२२ च्या नियमांत. नोंद नष्ट व्हावी यासाठी सुटलेल्या माणसाने स्वतः सरकारने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे मागणी करायची. त्या अधिकाऱ्याने ही नोंद दुसऱ्या कुठल्या गुन्ह्याशी जोडलेली नाही ना, हे तपासायचे आणि मग एनसीआरबीकडे शिफारस करायची. हे सगळे किती दिवसांत व्हावे, याची मुदत नियमांत नाही. सुटलेल्याला हा हक्क आहे हे त्याला सांगण्याची जबाबदारीही नियमांनी कुणावर टाकलेली नाही. कायद्याने दिलेला हक्क नियमांनी अर्जाच्या रांगेत नेऊन उभा केला.

आता विचार करा, या रांगेत कोण उभा राहू शकेल? ज्याच्या घरी वकील आहे, ज्याला इंग्रजीत अर्ज लिहिता येतो, ज्याला दिवसाची मजुरी बुडण्याची भीती नाही, तो. सेक्टर १ च्या आंबेडकर बस्तीतला मुलगा, आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा नवरा, सोसायटीचा सुरक्षारक्षक, टॅक्सी चालवून कुटुंब पोसणारा माणूस यांना तर पोलीस पडताळणी पावलोपावली लागते. गेटवरच्या नोकरीला लागते, गाडी चालवायला लागते, भाड्याची खोली घेतानाही लागते. नोडल अधिकारी नावाचे पद अस्तित्वात आहे, हे त्यांना कोण सांगणार?

सरकारला सुटकेची बातमी कळत नाही, म्हणून अर्ज हवा, असे कुणी म्हणत असेल तर ते पटण्यासारखे नाही. पोलीस ठाणी, न्यायालये, तुरुंग, न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि सरकारी वकील यांची माहिती एका धाग्यात ओवणारी ‘आयसीजेएस’ ही यंत्रणा केंद्राने उभारली. तिच्या दुसऱ्या टप्प्यासाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये ३,३७५ कोटी रुपये मंजूर झाले आणि ती चालवण्याची जबाबदारी एनसीआरबीकडेच आहे. न्यायालयातल्या प्रत्येक खटल्याला सोळा अक्षरांकांचा सीएनआर क्रमांक असतो. निकाल लागला की तो संगणकावर चढतो. एकाच विभागाच्या एका यंत्रणेत ठसे आणि दुसऱ्या यंत्रणेत निकालाची वाट. अटकेची माहिती ठाण्यातून दिल्लीला काही मिनिटांत पोहोचते, तर सुटकेची माहिती त्याच तारेवरून का पोहोचू नये? निकाल अंतिम झाला की नोंद आपोआप नष्ट व्हावी आणि तसे पत्र त्या माणसाच्या घरी यावे. यासाठी कायदा बदलायची गरज नाही, नियम बदलले तरी पुरे.

ठसे ही एक बाजू झाली. दुसरी बाजू चारचौघांसमोर होणाऱ्या बदनामीची आहे. ७ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एफआयआर दाखल झाल्यापासून चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश दिला. संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळली. आदेश आरोपीच्या हिताचा होता, कारण आपल्यावर काय आरोप आहे हे त्याला लगेच कळावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३७ व्या कलमाने आणखी एक पाऊल टाकले. अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि आरोपाचे स्वरूप प्रत्येक पोलीस ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे, डिजिटल स्वरूपातही, प्रदर्शित करायची आहेत. कुणाला गुपचूप उचलून नेऊ नये यासाठी ही तरतूद मोलाची आहे आणि तिला माझा विरोध नाही. पण आरोप चोवीस तासांत लोकांसमोर येणार असेल, तर निर्दोष सुटल्याची बातमी त्याच जागी, त्याच ठळकपणे किती तासांत येणार? प्रदर्शित केलेले नाव खाली कधी उतरणार, हे त्या कलमात कुठेच नाही.

पासपोर्टच्या बाबतीत सरकारने थोडी समज दाखवली आहे. पासपोर्ट कायद्याचे ६(२)(फ) हे कलम न्यायालयात फौजदारी कार्यवाही प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारण्याची मुभा देते. नुसता एफआयआर नोंदला आहे किंवा तपास चालू आहे एवढ्याने हे कलम लागू होत नाही, असे परराष्ट्र मंत्रालयाने १० ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकात बजावले. आपल्याला भिकाजी कामा प्लेसचे पासपोर्ट कार्यालय पायी जाण्याइतके जवळ आहे. तिथे कुणाची फाइल केवळ एफआयआरच्या नावाखाली अडली असेल, तर या परिपत्रकाची प्रत सोबत घेऊन जा. नोकरीच्या पडताळणीत मात्र अशी सरळ रेषा कुणी आखलेली नाही.

न्यायालयांनी ती आखण्याचा प्रयत्न केला आहे, पण वाट वळणावळणाची आहे. २०११ मध्ये दिल्ली पोलिसांच्या हेड कॉन्स्टेबल पदाच्या एका उमेदवाराचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. विशीतल्या भांडणाचा गुन्हा त्याने अर्जात लिहिला नव्हता आणि ते प्रकरण तडजोडीने मिटले होते. न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी तरुणपणीच्या चुकीसाठी जन्मभर बोट दाखवू नये अशी भूमिका घेतली. दोनच वर्षांनी, २०१३ मध्ये, त्याच दिल्ली पोलिसांच्या भरतीतल्या दुसऱ्या प्रकरणात त्याच न्यायालयाने उलट दिशा धरली. सुटका झाली असली तरी ती निष्कलंक नसेल, तर छाननी समिती उमेदवाराला नाकारू शकते, असे ठरले. २०१६ च्या ‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ या निकालाने नेमणूक करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूत्रे दिली, किरकोळ प्रकरणांकडे काणाडोळा करण्याची मुभाही दिली. पण शेवटचा शब्द अधिकाऱ्याच्या विवेकावर सोडला. ‘सन्मानपूर्वक निर्दोष’ आणि ‘संशयाचा फायदा देऊन निर्दोष’ अशी वर्गवारी फौजदारी कायद्याच्या कुठल्याही कलमात नाही. तरीही तिच्यावर आयुष्ये ठरतात. साक्षीदार आला नाही, पंच फितूर झाला, तपासात ढिलाई झाली, तर निकालपत्रात ‘संशयाचा फायदा’ असे शब्द येतात. तपास यंत्रणेच्या त्या ढिलाईची किंमत आरोपी म्हणून उभ्या केलेल्या माणसाने का मोजायची?

परदेशात राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांनाही हे चुकत नाही. अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या एका तरुणावर २००९ मध्ये दिल्लीत अमली पदार्थांच्या कायद्याखाली खटला झाला. २०११ मध्ये तो निर्दोष सुटला आणि २०१३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती सुटका कायम केली. तो परत गेला, कायद्याचा अभ्यास पुरा केला, पण नाव गुगलवर टाकले की निकालपत्र समोर येई आणि नोकरी हुके. अखेर त्याला पुन्हा दिल्ली उच्च न्यायालयात यावे लागले. १२ एप्रिल २०२१ रोजी न्या. प्रतिभा सिंग यांनी ते निकालपत्र शोधयंत्रांत दिसू नये असा अंतरिम आदेश दिला. सुटका कायम झाल्यानंतर आठ वर्षांनी मिळालेला हा दिलासाही उच्च न्यायालयाची पायरी चढल्यावरच मिळाला.

महाराष्ट्राला तर या प्रश्नाची झळ वेगळ्या प्रकारे ठाऊक आहे. कोविडच्या टाळेबंदीत भा.दं.वि. १८८ खाली हजारोंनी गुन्हे नोंदले गेले. विद्यार्थ्यांना नोकरी आणि पासपोर्टच्या पडताळणीत अडचण येते, हे लक्षात आल्यावर २०२२ मध्ये राज्य शासनाने ते मागे घेण्याचा निर्णय घेतला. म्हणजे शासनाला हा त्रास पुरता माहीत आहे. सप्टेंबर २००६ च्या मालेगाव स्फोटांत अटक झालेल्या मुस्लिम रहिवाशांनी पाच वर्षे तुरुंगात काढली. मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना २५ एप्रिल २०१६ रोजी दोषमुक्त केले. आपल्या वर्तमानपत्रांत ‘रेकॉर्डवरील आरोपी’ हा शब्दप्रयोग रोज छापून येतो. त्या रेकॉर्डमध्ये शिक्षा किती आणि नुसत्या अटका किती, हे बातमीत कुणी लिहीत नाही.

आणि पारध्यांची गोष्ट मराठी माणसाने विसरता कामा नये. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार म्हणून नोंदवल्या. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसे हजेरीसाठी कोंडून ठेवली गेली. १९५२ मध्ये तो कायदा गेला. नोंद मात्र ठाण्याच्या वहीतून आणि पोलिसांच्या मनातून गेली नाही. चोरी कुठेही होवो, पहाटे पोलीस पालावरच येतात. दर वेळच्या अटकेने नोंद वाढते आणि वाढलेली नोंद पुढच्या अटकेचे कारण बनते. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले. वहीतला एक रकाना माणसाचे काय करतो, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे.

या मागणीवर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो हलका नाही. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत एका टॅक्सीचालकाने प्रवासी तरुणीवर बलात्कार केला. त्याच्यावर आधी बलात्काराचाच खटला झाला होता, त्यातून तो सुटला होता आणि इतर गुन्हेही त्याच्या नावावर होते. त्यानंतर दिल्लीत पडताळणी कडक झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. साक्षीदारांना दमदाटी करून सुटणारे दांडगे लोकही आहेत. म्हणूनच प्रलंबित खटल्यांच्या नोंदी पुसा, असे मी म्हणत नाही. ज्या माणसाची सुटका दबावाने झाल्याचा न्यायाधीशांना संशय आहे, त्याची नोंद लेखी कारणे देऊन राखता येते. तो अधिकार २०२२ च्या कायद्यात आहे, तो वापरावा. न्यायालयाच्या दप्तरातले निकालपत्र किंवा वर्तमानपत्रांची जुनी पाने नष्ट करा, अशीही मागणी नाही. निकालपत्रे इंटरनेटवर कशी असावीत हा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे आहे आणि तिथे लोकांचा जाणण्याचा हक्कही तोलावा लागेल. पण थोड्या दांडग्यांसाठी सुटलेल्या प्रत्येकालाच संशयित म्हणून साठवून ठेवणे न्यायाच्या कुठल्याही व्याख्येत बसत नाही.

इतर देशांनी हे केले आहे. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ४ डिसेंबर २००८ रोजी ब्रिटनला ठणकावले की दोषी न ठरलेल्यांचे ठसे आणि डीएनए सरसकट साठवून ठेवता येणार नाहीत. ब्रिटनने २०१२ मध्ये कायदा केला आणि दहा लाखांहून अधिक डीएनए नोंदी नष्ट केल्या. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याने २०१८ मध्ये, दोषसिद्धी न झालेल्या प्रकरणांच्या नोंदी अर्जाविना झाकण्याचा कायदा केला. आपल्याकडेही बाल न्याय अधिनियम, २०१५ अल्पवयीनांच्या नोंदी नष्ट करण्याची तरतूद करतो. सोळा वर्षांच्या दोषी मुलाला जे मिळते, ते बावीस वर्षांच्या निर्दोष मुलाला मिळू नये?

घाई अशासाठी की नोंद जितकी पसरेल तितकी ती गोळा करणे अवघड होत जाईल. ठाण्यातून राज्याकडे, राज्यातून दिल्लीला, तिथून पुन्हा दुसऱ्या राज्यांच्या तपास यंत्रणांकडे तिच्या प्रती जात आहेत. नियम नवे आहेत, सवयी अजून पक्क्या व्हायच्या आहेत. आत्ताच बोलायला हवे.

आपण काय करू शकतो? तुमच्या घरात, नात्यात किंवा तुमच्याकडे काम करणाऱ्यांपैकी कुणी अटकेनंतर सुटलेले असेल, तर प्रथम न्यायालयाच्या आदेशाची प्रमाणित नक्कल काढून घ्या. आरोपपत्रच आले नसेल तर पोलिसांचा क्लोजर रिपोर्ट आणि तो मान्य केल्याचा न्यायालयाचा आदेश मिळवा. महाराष्ट्रात क्लोजर रिपोर्टलाच समरी म्हणतात. मग २०२२ च्या कायद्याच्या चौथ्या कलमाचा हवाला देऊन मापे नष्ट करण्याचा अर्ज नोडल अधिकाऱ्याच्या नावे द्या आणि त्याची पोच घ्या. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्नाची माणसे यांना तिथे मोफत मदत मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. अटेस्टेशन फॉर्ममध्ये मात्र आजच्या घडीला काहीही लपवू नका. खरे लिहा आणि सुटकेची नक्कल सोबत जोडा.

ज्यांच्यावर ही वेळ आलेली नाही त्यांच्याकडून मला अधिक अपेक्षा आहे. आपल्यातले अनेक जण सरकारी खात्यांत फाइल कशी हलते ते जाणतात. दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात विचारा: दिल्लीचा आणि महाराष्ट्राचा नोडल अधिकारी कोण, नोंद नष्ट करण्याचे किती अर्ज आले, किती शिफारशी झाल्या. गृह मंत्रालयाला लिहा की निकाल अंतिम झाल्यावर ठरावीक मुदतीत मापे आपोआप नष्ट व्हावीत, ठाण्यातल्या फलकावरून आणि संकेतस्थळावरून नाव उतरावे, आणि नोडल अधिकाऱ्याचे नाव प्रत्येक ठाण्यात स्थानिक भाषेत लावावे. कार्मिक विभागाला लिहा की अटेस्टेशन फॉर्ममध्ये दोषसिद्धी आणि प्रलंबित खटले एवढेच विचारावे. नवी दिल्ली मतदारसंघाच्या खासदारांकडे आपण मतदार म्हणून जाऊ शकतो. महाराष्ट्राचे लोकसभेतले ४८ आणि राज्यसभेतले १९ खासदार अधिवेशनात आपल्या शहरात असतात. गणेशोत्सवाला त्यांना आपण बोलावतो, या कामासाठीही बोलावू या. पुढच्या अधिवेशनात हा प्रश्न सभागृहात विचारला गेला पाहिजे.

ज्यांच्या घरात अशी नोंद आहे त्यांनी याच आठवड्यात नकलेसाठी अर्ज द्यावा. बाकी सर्वांनी आपापल्या खासदाराला एक पत्र लिहावे आणि शेजाऱ्यालाही लिहायला लावावे.